श्रीनाथमहाराज आणि ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत

ज्ञानेश्वरीचे पारायण समाप्तीस आले म्हणजे मंडपातले वातावरण निराळेच होते. पसायदान सुरू झाले की लहानथोरांचे हात आपोआप जोडले जातात. मग ग्रंथसमाप्तीचा शके १२१२ आणि लेखनिक सच्चिदानंदबाबांचे नाव येते. आपल्या नेहमीच्या पोथ्यांत त्याच्याही खाली आणखी मोजक्या ओव्या छापलेल्या असतात. आरतीची घाई असते, तबक फिरू लागलेले असते, प्रसादाची पाने मांडायची असतात. या गडबडीत त्या ओव्या भरभर म्हटल्या जातात, आणि कधी कधी राहूनही जातात.

त्या ओव्या माउलींच्या नव्हेत. त्या पैठणच्या श्रीएकनाथमहाराजांच्या आहेत. शके १५०६ मध्ये आपण ही ज्ञानेश्वरी शुद्ध केली, एवढे सांगण्यापुरत्याच त्या त्यांनी लिहिल्या.

वारकरी बंधूंनो, येथे क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. ग्रंथ एकाचा, आणि दोनशे चौऱ्याण्णव वर्षांनी त्यावर लेखणी चालवणारा दुसरा! ग्रंथकर्ता समाधिस्थ, हे घालू का, ते काढू का, असे विचारायचे कोणाला? आपल्या गावात कोणी शेजाऱ्याचा बांध चार बोटे कोरला तरी आपण त्याला बरे म्हणत नाही. मग ज्या ग्रंथाला आपण माउलींची वाङ्मयमूर्ती मानतो, त्यावर हात चालवणाऱ्या नाथांना आपण दोष देत नाही, उलट त्यांचे उपकार मानतो, ते का? उगीच संत म्हणून सोडून दिले, असे नाही. याचे उत्तर नाथांच्या चरित्रातच आहे.

नाथांचा जन्म इसवी सनाच्या सोळाव्या शतकातला, गोदातीरीच्या पैठण क्षेत्रातला. घराणे पिढीजात विठ्ठलभक्तांचे. पणजोबा भानुदास महाराज. विजयनगरला गेलेली पांडुरंगाची मूर्ती त्यांनी परत पंढरीस आणली, असे परंपरा सांगते. भानुदासांचे पुत्र चक्रपाणी, त्यांचे सूर्यनारायण, आणि सूर्यनारायण व रुक्मिणीबाई यांच्या पोटी नाथ. पण मायबापांचे सुख नाथांच्या कपाळी नव्हते. ते अगदी तान्हे असतानाच दोघेही गेली. चक्रपाणी आजोबा आणि सरस्वती आजी यांनी म्हातारपणी या नातवाला वाढवले. देवाची गेलेली मूर्ती पुन्हा तिच्या ठिकाणी बसवणाऱ्या पणजोबांची कथा या मुलाने आजोबांच्या मांडीवर बसून किती वेळा ऐकली असेल, ते देवालाच ठाऊक.

सद्गुरूंचा ध्यास लागला आणि लहान वयातच घर सोडून नाथ देवगिरीस जनार्दनस्वामींकडे गेले. जनार्दनपंत मूळचे चाळीसगावचे, किल्ल्यावरचे मोठे अधिकारी, आणि अंतरी दत्तात्रेयांचे उपासक. त्यांच्या घरी नाथांनी पडेल ते काम केले. पाणी भरले, पूजेची तयारी केली, पाय चेपले आणि हिशेबही लिहिला.

त्या हिशेबाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण आज ती जरा निराळ्या अंगाने पाहू. एके दिवशी जमाखर्चात एका पैचा ताळा जमेना. सगळे निजले. नाथांनी समई पेटवली, वह्या पुढे ओढल्या आणि ओळीमागून ओळ तपासायला बसले. दोन प्रहर गेले, तीन गेले. शेवटी चूक सापडली आणि आनंदाच्या भरात त्यांनी टाळी वाजवली. जनार्दनस्वामी जागे होऊन मागे उभे होते. त्यांनी विचारले, एवढा आनंद कशाचा? नाथांनी सांगितले, एका पैची चूक सापडली. तेव्हा स्वामी म्हणाले की, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग या संसाराची केवढी मोठी चूक आहे, ती सापडली तर आनंद केवढा होईल! त्याच एकाग्रतेवर प्रसन्न होऊन त्यांनी शिष्याला परमार्थाच्या वाटेला लावले.

कीर्तनात आपण ही कथा एकाग्रतेसाठी सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. एखादा आळशी कारकून असता तर त्याने काय केले असते? पदरची एक पै पेटीत टाकली असती आणि ताळा जुळवला असता. एका पैसाठी रात्र कोण जागवतो! वरवर पाहणाऱ्याला हिशेब बरोबर दिसला असता, आणि त्याला प्रामाणिकसुद्धा म्हणता आले असते, कारण पैसा त्याने स्वतःचाच घातला. पण चूक जिथली तिथेच राहिली असती, वर ती झाकलीही गेली असती. नाथांनी पदरची पै टाकली नाही. चूक जिथे झाली होती तिथे जाऊन तीच शोधून काढली. ही सवय त्यांना जन्मभर पुरली. ज्ञानेश्वरीच्या वेळीही हीच उपयोगी पडली.

गुरूंच्या आज्ञेने शूलभंजन पर्वतावर तप झाले, तीर्थयात्रा झाली. चतुःश्लोकी भागवतावर पहिली मराठी टीका झाली. पुढे नाथ पैठणास परतले आणि गुरूंच्या आज्ञेनेच गृहस्थाश्रमात राहिले. पत्नी गिरिजाबाई विजापूरच्या. त्या माउलीने नाथांचा परमार्थ आपला मानला. दारी आलेला कोणी विन्मुख गेला नाही. रामेश्वराला न्यायचे गंगोदक तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घालणारे, श्राद्धाचे अन्न भुकेल्या अस्पृश्य बांधवांना आधी वाढणारे असे हे नाथ. त्यांचे घर ते पैठणचे माहेरघरच झाले.

गुरूंविषयीचा भाव तर असा की, पुढे जो अभंग केला त्यात स्वतःच्या नावापुढे जनार्दनांचे नाव लावल्यावाचून ओळ पुरी केली नाही. एका जनार्दनी ही मुद्रा आपण रोज म्हणतो. अभंगातली मुद्रा म्हणजे नुसती सही नव्हे. हे बोलणे कोणाचे आणि त्याचा जबाबदार कोण, हे ऐकणाऱ्याला कळावे म्हणून ती असते. हाही मुद्दा पुढे कामी येणार आहे.

आता भागवताची कथा. एकादश स्कंधावर नाथांनी मराठी टीका आरंभली. सुरुवातीचे अध्याय पैठणास झाले, आणि त्यांची नक्कल कोणीतरी काशीस नेली. परंपरा सांगते की, तिथल्या एका मोठ्या मठाधिपतींना ती पाहून संताप आला. भागवत मराठीत? व्यासांची वाणी प्राकृत बोलीत? त्यांनी नाथांना बोलावणे धाडले. नाथ शांतपणे गेले. आरंभी तोंडही न पाहणारे स्वामी ग्रंथ ऐकून विरघळले, आणि उरलेला ग्रंथ काशीतच पुरा करावा, अशी विनंती झाली. शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३, कार्तिकी पौर्णिमेला वाराणसीत एकनाथी भागवत पूर्ण झाले. ओव्या अठरा हजारांच्या वर. रुक्मिणीस्वयंवर त्याच्या आधीच, शके १४९३ च्या रामनवमीला, काशीतच झाले होते. पुढे ग्रंथाची थाटाने मिरवणूक निघाली, असे परंपरा सांगते.

सांगायचे तात्पर्य हे की, ज्ञानेश्वरी हाती घेण्याच्या वेळी नाथ काही नवशिके नव्हते. ओवी त्यांच्या घरी पाणी भरत होती. अठरा हजार ओव्या लिहिलेल्या हाताला चार ओव्या ज्ञानेश्वरीत सरकवणे काय कठीण होते? लोकांनी ओळखल्याही नसत्या, आणि ओळखल्या तरी डोक्यावर घेतल्या असत्या. मोह कोठे पडतो, ते येथे दिसते. ज्याला काहीच लिहिता येत नाही, त्याच्यापासून ग्रंथाला भय थोडे. ज्याला चांगले लिहिता येते, त्याचा हात आवरणे फार कठीण.

त्या काळी ज्ञानेश्वरीची अवस्था काय होती, ते समजून घेतले पाहिजे. छापखाने नव्हते. ज्याला पोथी हवी त्याने ती उतरवून घ्यायची, किंवा कोणाकडून उतरवून आणायची. बोरू, शाई आणि जाड कागद. एक वाचतो, दुसरा लिहितो. वाचणाऱ्याने व म्हणावे, लिहिणाऱ्याने ब ऐकावे. ध चा घ होई, भ चा म होई. दोन ओव्या एकाच शब्दाने सुरू होत असल्या की डोळा पहिलीवरून दुसरीवर जाई आणि मधली ओवी गळून पडे. एखादे पान फाटलेले असे. तेवढा मजकूर आठवणीने भरून काढला जाई.

ही झाली नजरेची आणि कानाची चूक. दुसरी चूक काळाची. दोन-तीनशे वर्षांत भाषा बदलली. माउलींच्या तोंडचे कित्येक शब्द लोकांना कळेनासे झाले. उतरवून घेणाऱ्याला वाटे, हे काहीतरी चुकले आहे, आणि तो आपल्याला कळणारा शब्द त्या जागी घाली. ओवी सोपी होई, पण ती माउलींची राहत नसे.

आणि तिसरी चूक भक्तीची. ही सर्वांत नाजूक. कोणी भाविक ग्रंथावर प्रवचन करी. दृष्टांत रंगात आला की त्याला स्वतःची एखादी ओवी सुचे. ती तो पोथीच्या कडेला समासात लिहून ठेवी. त्याच्या मनात पाप काही नसे. पण त्याच्या मागून त्या पोथीची नक्कल करणारा समासातली ओवी मूळ मजकुरात घेई. पुढच्या नक्कलेत तर समासही गेला आणि खूणही गेली. आता ती ओवी माउलींच्याच नावावर चालू झाली.

पाहा, या सर्वांत दुष्ट माणूस एकही नाही. कोणी वैरी येऊन ग्रंथ बिघडवून गेला नाही. सगळे भक्तच, आणि सगळ्यांनी थोडे थोडे चांगल्याच बुद्धीने केले. हिशेबाची पेटीच घ्या ना. येणारा प्रत्येक जण आपली एक एक पै आत टाकून गेला. पैसा वाढला, पण मूळचा धनी कोण आणि त्याचे किती, हे कोणाला सांगता येईना. एका गावची पोथी दुसऱ्या गावच्या पोथीशी जुळेना. पारायणाला दोघे शेजारी बसले तर एकाची ओवी दुसऱ्याला सापडत नसे.

नाथांना हे सलत होते. पण माउलींच्या ग्रंथाला हात लावायचा कोणाच्या परवानगीने? येथे परंपरेने सांगितलेली आळंदीची कथा येते. नाथांच्या गळ्याला दुखणे जडले. औषधपाणी झाले, गुण येईना. तेव्हा स्वप्नात श्रीज्ञानेश्वर महाराज आले आणि म्हणाले की, माझ्या गळ्याला अजानवृक्षाची मुळी लागली आहे, ती येऊन काढ, म्हणजे तुझा गळा मोकळा होईल. नाथ मंडळी घेऊन आळंदीस गेले. त्या काळी समाधीचे स्थान झाडाझुडपांत झाकून गेले होते. नाथांनी ते शोधून काढले, आत जाऊन मुळी दूर केली, आणि माउलींचे दर्शन झाले. ग्रंथशुद्धीची आज्ञा नाथांना तेथेच मिळाली, असे संप्रदाय मानतो. परत आल्यावर त्यांनी ते काम हाती घेतले.

या कथेकडे कोणी कसे पाहावे, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण तिच्यात एक गोष्ट अशी आहे की, जी श्रद्धावंताला आणि चिकित्सकाला सारखीच पटावी. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते की, दुसऱ्याच्या ग्रंथाला हात लावायचा तर विचारावे लागते. मोठा विद्वान झाला, मोठा संत झाला, तरी तो विचारल्यावाचून लावू शकत नाही. नाथांनी ग्रंथ शुद्ध केला, एवढे सांगून परंपरा थांबली नाही. नाथ आधी आळंदीस गेले, हे तिने आवर्जून सांगितले. आणि आज्ञा मिळाली ती कसली? मुळी काढण्याची, नवे रोप लावण्याची नव्हे. जे बाहेरून येऊन गळ्याला लागले ते दूर कर, एवढेच.

मग नाथ कामाला बसले. हे काम देवगिरीवरच्या त्या रात्रीसारखेच होते, पण रात्र एक नव्हती. निरनिराळ्या पोथ्या पुढे ठेवायच्या, ओवीशी ओवी ताडून पाहायची. कोठला शब्द माउलींच्या बोलीला धरून आहे, कोठला मागाहून शिरला, पुढचा-मागचा संदर्भ काय सांगतो, गीतेचा श्लोक काय म्हणतो, हे पाहून निवड करायची. स्वतःला सुचलेला सुंदर शब्द बाजूला ठेवायचा आणि पोथीतला खडबडीत पण खरा शब्द घ्यायचा. नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ, आणि प्रत्येक ओवीपाशी हा निवाडा! स्वतः ग्रंथ लिहिणे याहून सोपे, असे लिहिणारी माणसे सांगतील.

शके १५०६, तारण संवत्सर, भाद्रपद महिना, कपिलाषष्ठीचा दुर्मिळ योग. इसवी सन १५८४. त्या पर्वणीला पैठणास गोदाकाठी काम पुरे झाले. नाथांनी शेवटी आपल्या ओव्या लिहिल्या. त्यांत काय सांगितले, ते नीट पाहण्याजोगे आहे. ग्रंथ मुळात अत्यंत शुद्धच होता, असे ते म्हणतात. म्हणजे दोष माउलींचा नव्हे. पाठांतरे होता होता अशुद्धी शिरली, ती शोधून प्रत शुद्ध केली. आपल्या कामाला त्यांनी मोठे नाव दिले नाही. लिहिण्याची कामाठी म्हटले. कामाठी म्हणजे मजुरी. भागवताचा कर्ता, काशीत गाजलेला महात्मा, येथे मजूर म्हणून उभा आहे. आणि अखेरीस ताकीद दिली की, या ग्रंथात जो कोणी आपली मराठी ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवली असे समजावे.

ही ताकीद दुसऱ्यांना दिली, हे तर खरेच. पण नाथांनी ती आधी स्वतः पाळली. स्वतःच्या ओव्या कोठे लिहिल्या? ग्रंथ संपल्यावर, बाहेर, उंबऱ्याच्या अलीकडे. त्यांवर आपले नाव घातले, गुरूंचे नाव घातले, शक, महिना, तिथी आणि गाव घातले. म्हणजे माउलींचे कोठे संपते आणि नाथांचे कोठे सुरू होते, हे शाळकरी पोरालाही कळावे. ज्याला दुसऱ्याच्या ग्रंथाला हात लावावा लागतो त्याने काय करावे, याचा हा कित्ता आहे. चूक काढावी, भर घालू नये, आणि आपण काय केले ते आपल्या नावानिशी सांगावे.

येथे एक शंका निघते, आणि ती झाकून ठेवणे नाथांच्या रीतीला शोभणार नाही. नाथांच्या हातून माउलींचे काही शब्द बदलले गेले नसतील का? इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची एक निराळी प्रत छापून प्रसिद्ध केली. ती नाथांच्याही आधीची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तिच्यातली भाषेची रूपे प्रचलित पोथीपेक्षा जुन्या वळणाची दिसतात. प्रचलित प्रतींत ओव्यांची संख्या नऊ हजारांच्या वर जाते, तर राजवाडे प्रतीत ती नऊ हजारांच्या आत राहते. १९६० साली सरकारने काढलेली ज्ञानेश्वरीही याच प्रतीच्या आधारावर झाली. राजवाड्यांची प्रत त्यांनी म्हटली तितकी जुनी आहे की नाही, यावर विद्वानांत वाद झाला. पण नाथांच्या काळापर्यंत भाषेचे वळण बदलले होते आणि त्याची छाया शुद्ध केलेल्या प्रतीवर पडली असावी, असे पुष्कळांना वाटते.

वारकऱ्याने यात बिचकायचे कारण नाही. नाथांनी शक आणि नाव घालून ठेवले म्हणूनच तर ही चौकशी आज करता येते. त्यांनी गुपचूप काम करून ते माउलींच्या नावाखाली लपवले असते, तर कोणाला काही विचारताच आले नसते. आणखी एक गोष्ट तर मनाला फार लागते. नाथांची प्रत म्हणून ज्या पोथ्या पुढे चालल्या, त्यांतही मागाहून नक्कल करणाऱ्यांचे हात लागलेच. एवढी ताकीद लिहून ठेवली, ती ताकीदसुद्धा उतरवून घेतली, आणि तिच्याच वरच्या पानांत फेरफार झाला! माणसाची सवय अशी कठीण आहे.

नाथांच्या स्वतःच्या वाणीवरही संकट येऊन गेले, आणि तेही घरातूनच. पुत्र हरिपंडित हे संस्कृताचे मोठे अभिमानी. वडील मराठीत पुराण सांगतात, हे त्यांना आवडेना. रागावून ते काशीस जाऊन राहिले. नाथ स्वतः समजूत घालायला गेले. परत येण्याची अट पडली की, मराठी प्रवचन बंद करावे आणि परान्न घेऊ नये. नाथांनी ती मान्य केली. पुढे पुत्राचा अभिमान गळाला आणि मराठी कथा पुन्हा सुरू झाली, असे महिपतिबाबा आदी चरित्रकारांनी वर्णिले आहे. यात पाहण्याजोगे ते हे की, नाथ गप्प राहायला तयार झाले, पण कोणाला बरे वाटावे म्हणून भागवतातले मराठी बदलून देण्याची गोष्ट कोठे आली नाही. प्रवचन थांबले, ग्रंथ होता तसा राहिला.

शेवटच्या दिवसांत भावार्थरामायण चालू होते. युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले आणि देहाची सांगता जवळ आली. ग्रंथ अपुरा राहणार म्हणून सर्वांना हळहळ वाटली. नाथांच्या घरी गावबा नावाचा एक मुलगा वाढलेला होता. पुरणपोळीचा भारी लोभी, आणि अभ्यासात अगदी मंद, अशी त्याची ख्याती. नाथांनी सांगितले की, उरलेला ग्रंथ हा पुरा करील. ऐकणाऱ्यांना हसू आले असेल. पण नाथांनी त्याच्या मस्तकी हात ठेवला, आणि पुढचा भाग गावबाने पुरा केला, असे परंपरा मानते.

ही गोष्ट ज्ञानेश्वरीच्या गोष्टीशेजारी ठेवून पाहावी. येथे दुसऱ्याने भर घातली, अध्यायच्या अध्याय लिहिले. तरी त्याला करवंटी कोणी म्हणत नाही. कारण ग्रंथकर्त्याने स्वतः, जिवंतपणी, आपल्या तोंडाने ते काम सोपवले. आणि कोठपर्यंत नाथांचे व कोठून गावबाचे, हे सर्वांना ठाऊक राहिले. काम मोठे की लहान, ओव्या चार की चार हजार, हा प्रश्नच नव्हे. विचारून केले का आणि सांगून केले का, एवढाच प्रश्न.

शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. तीच आपली नाथषष्ठी. पैठणला त्या दिवशी दिंड्यांची आणि पताकांची गर्दी लोटते.

आता आपल्याकडे वळून हा लेख संपवतो. बोरू गेला, छापखाने आले. पण जुनी सवय गेली असे म्हणवत नाही. कीर्तनात अभंग म्हणताना चाल जमेना की आपण एखादा शब्द घालतो. कठीण शब्द आला की सोपा करतो. कोठे ऐकलेले कडवे तुकोबांच्या किंवा नाथांच्या नावावर खपवतो. गाथा छापणारा चार पदे जास्त घालून ग्रंथ मोठा झाला म्हणून सांगतो. हेतू वाईट नसतो. तेव्हाही नव्हता. पण कोणी आपल्या वडिलांच्या मृत्युपत्रात प्रेमापोटी एक ओळ वाढवली, तर आपण काय म्हणू?

अर्थ सांगायचा तर खुशाल सांगावा. आपल्या शब्दांत सांगावा, रंगवून सांगावा. ती कीर्तनाची परंपराच आहे. नाथांनी भारुडे करून परमार्थ जोगवा मागणाऱ्यांच्या आणि वासुदेवाच्या तोंडी घातला, याहून जास्त रंगवणे काय असते! पण भारुडात त्यांनी आपली मुद्रा घातली. ते माउलींच्या नावावर लोटले नाही. आपले सांगणे आपल्या नावावर असावे आणि संतांचे शब्द संतांच्या नावावर. पाठांतर चुकले तर पोथी काढून पाहावी. पोथी चुकली वाटली तर दुसरी पोथी पाहावी. कळले नाही तर कळले नाही म्हणावे. पदरची पै टाकून ताळा जुळवू नये.

पुढच्या पारायणाला अठरावा अध्याय संपेल, पसायदान होईल, आरतीची घाई सुरू होईल. तेव्हा तबक जरा थांबवावे आणि पोथीच्या शेवटी नाथांच्या ओव्या असल्या तर त्याही सावकाश म्हणाव्यात. नऊ हजार ओव्यांचे ताट आपल्यापुढे जसेच्या तसे यावे म्हणून ज्याने स्वतःची लेखणी बाहेर ठेवली, त्या मजुराची ती मजुरी आहे.

रामकृष्णहरि.